पेटीबाहेरचे कार्ड

अनुसयाला मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती एका धिप्पाड ट्रकड्रायव्हरला झापत होती. त्याने आपल्या मुलाला दोन्ही काखांत धरून खाटेवरून उचलले होते आणि मूल किंचाळत होते.

"अहो, पोर आहे ते, गोणी नाही! कंबर मोडलीय त्याची. तुमची अक्कल पण मोडली का?"

ड्रायव्हर खजील झाला. अनुसयाने मुलाला पुन्हा निजवले, त्याच्या अंगाखाली दुहेरी चादर सरकवली, दोन टोके ड्रायव्हरच्या हातात दिली आणि दोन स्वतः धरली. "मी 'हं' म्हटलं की उचला. आधी नाही, नंतर नाही." तिने 'हं' म्हटले आणि मूल पाण्यावरच्या पानासारखे या खाटेवरून त्या खाटेवर गेले. ते रडायचेही विसरले.

सुरतेत उधन्याच्या बाजूला ट्रस्टचे एक हॉस्पिटल होते. तिथल्या हाडांच्या विभागात ती प्लास्टररूमची आया होती. प्लास्टरच्या गुंडाळ्या कोमट पाण्यात बुडवायच्या, बुडबुडे थांबले की काढून पिळायच्या, डॉक्टर प्लास्टर घालत असताना मुलाचा पाय हवा त्या कोनात धरून ठेवायचा, हे तिचे काम. त्याखेरीज तिने आपल्या मनाने वाढवून घेतलेली कामे पुष्कळ होती. वाहनाखाली दबलेले मूल आले की त्याची पहिली लघवी ती स्वतः बाटलीत धरून खिडकीच्या उजेडात पाहायची. मुलांची हाडे लवचीक असतात, सहजासहजी मोडत नाहीत. त्यामुळे कमरेचे हाड मोडले असेल तर पोटातही काही फाटले असण्याची भीती असते. लघवीत लाली दिसली की ती डॉक्टर कुठे असतील तिथे धावत जायची.

यजमान गेल्यावर, १९८८ पासून, मी आठवड्यातले चार दिवस त्या हॉस्पिटलात जात असे. माझ्याकडे कार्डांची पेटी होती. ज्या मुलांना पुन्हा पुन्हा तपासायला बोलवायचे त्यांची कार्डे तीत महिन्यांप्रमाणे लावलेली असत. महिन्याच्या एक तारखेला त्या महिन्याची कार्डे काढायची आणि घरोघर पत्रे टाकायची. गुजराती, मराठी, हिंदी, जशी वस्ती तशी भाषा.

सगळ्यांत जास्त पत्रे जायची ती खुब्याच्या वाटीला मार लागलेल्या मुलांना. विभागाचे मुख्य डॉक्टर वशी आईबापांना तीन बोटांची टोके जुळवून समजावत. मोठ्या माणसाच्या खुब्याची वाटी एकसंध असते. मुलाची वाटी तीन हाडे मिळून झालेली असते, आणि ती जिथे भेटतात तिथे कूर्चेचा मऊ सांधा असतो. वाटी वाढते ती त्याच सांध्यातून. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, नुसती काळी फट दिसते. ती चेंगरली असली तरी त्या दिवशीच्या फोटोत कळतेच असे नाही. हाड जुळते, मूल चालू लागते, घरचे पेढे वाटतात. पण सांधा आतून थिजलेला असला तर मूल वाढते, मांडीच्या हाडाचा गोळा वाढतो आणि वाटी मात्र तेवढीच राहते. मग दोन-चार वर्षांनी गोळा वाटीतून बाहेर सरकू लागतो. म्हणून दर सहा महिन्यांनी फोटो, अंगाची वाढ पुरी होईपर्यंत.

डॉक्टरांचे बोलणे लोकांच्या डोक्यावरून जाई. अनुसयाचे जात नसे.

"पोर चालायला लागलं म्हणजे बरं झालं नाही," ती बायांना दारात अडवून सांगायची. "तारीख आली की यायचं. नाही आलीस तर मी घरी येईन, आणि जेवल्याशिवाय उठणार नाही!"

ती पारोळ्याकडची. लग्न होऊन १९८० मध्ये सुरतेला आली. नवरा सुकलाल पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाकीवर होता. त्याचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी गुलाबी. तिची दोन मुले जन्मताच गेली. त्यानंतर १९८६ मध्ये सुवर्णा झाली आणि तीच एक राहिली. त्यांच्या गल्लीत तीसेक बिऱ्हाडे होती, सगळी दोन-तीन गावांमधली. घराघरात अहिराणी. तिथे लग्ने गल्लीतच ठरत, आणि मोडतही गल्लीतच. कुणाच्या मुलीला कसली खोड आहे ही बातमी संध्याकाळी पांडेसऱ्यात निघाली तर दुसऱ्या दिवशी पारोळ्याला पोचलेली असे.

अशा बातम्या पोचवण्यात बन्सीलालचा हात कुणी धरू शकत नाही असे अनुसयाचे मत होते. बन्सीलाल आमच्या एक्स-रे विभागात फोटो काढायचा आणि डार्करूम सांभाळायचा. तो सुकलालचा चुलतभाऊ, राहायला त्याच गल्लीत. दिवसभर त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. अनुसया त्याला आकाशवाणी म्हणायची.

"वहिनी, आकाशवाणीवर तुझंच गाणं लावू का?" तो विचारायचा.

"तू बातम्याच दे बाबा. तुझं खरंखोटं सगळं तिथंच खपतं."

१४ जून १९९३, सोमवार. शाळा सुरू होण्याचा दिवस होता. सुवर्णा नवे दप्तर घेऊन मिलच्या भिंतीकडेने शाळेत चालली होती. कापडाचे ताके भरलेला एक टेम्पो उलटा मागे येत होता. ड्रायव्हरला ती दिसली नाही. टेम्पो आणि भिंत यांच्यामध्ये ती कमरेपाशी दाबली गेली. त्याच टेम्पोत, ताक्यांवर निजवून तिला आमच्याकडे आणले.

अनुसया प्लास्टरने माखलेल्या हातांनी बाहेर आली. तिने पोरीला ओळखले. मग तिने नेहमीचेच सगळे केले. पोरीला कुणाला बसवू दिले नाही. चादर मागवली. 'हं' म्हटले. पहिली लघवी बाटलीत घेऊन खिडकीशी नेली.

"लाल नाही," ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसली.

फोटोत कमरेचे पुढच्या बाजूचे हाड दोन ठिकाणी तडकलेले दिसत होते. डाव्या वाटीतली काळी फट उजवीपेक्षा किंचित रुंद होती, केसभर. डॉक्टर वशींनी ती फिल्म बराच वेळ उजेडावर धरली.

"जे दिसतंय ते सहा आठवड्यांत जुळेल, अनुसयाबेन," ते म्हणाले. "जे दिसत नाही त्याची मला काळजी आहे. तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच सगळ्यांना सांगता."

डाव्या पायाला हलके वजन लावून सुवर्णाला निजवून ठेवले. त्याच दिवशी दुपारी अनुसया माझ्या टेबलापाशी आली. मी कार्ड लिहायला घेतले होते.

"बाई, हे पेटीत टाकू नका."

"का गं?"

"पेटी सगळे उघडतात. बन्सीलाल पण तारखा बघायला येतो. कमरेचं हाड मोडलं हे गल्लीत कळलं तर संपलं. पोरीच्या जातीला कंबर म्हणजे... तुम्हाला कळतं ना? म्हणतील, हिला मूल व्हायचं नाही."

"डॉक्टर तर तसं काही म्हणत नाहीत."

"डॉक्टर गल्लीत राहत नाहीत, बाई."

मग तिने आपल्या थोरल्या बहिणीचे सांगितले. ती लहानपणी लिंबाच्या झाडावरून पडली होती आणि जरा लंगडायची. तेवढ्यावरून तीन स्थळे परत गेली. ती बापाच्या घरी भाकऱ्या थापत म्हातारी झाली आणि तशीच गेली. "तिचा पाय सगळ्यांनी पाहिला, बाई. तिला कुणी नाही पाहिलं."

मी कार्ड पेटीत टाकले नाही. माझ्या वहीत ठेवले आणि म्हटले, "मी आठवण ठेवीन. आणि तू तर रोज इथेच आहेस, तुला पत्र कशाला हवं?"

बन्सीलाल त्या वेळी एका लग्नासाठी गावी गेलेला होता, पंधरा दिवस यायचा नव्हता. पहिले दहा दिवस सुवर्णा वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर होती, नंतर पाच आठवडे माझ्या घरी. माझे घर हॉस्पिटलच्या मागच्याच रस्त्यावर. वजन काढले होते, पण उठायची मनाई होती. गल्लीत सांगितले, मुका मार लागलाय, मामाकडे पाठवली आहे. अनुसया दुपारच्या सुट्टीत यायची, पोरीची पाठ पुसायची, वेणी घालायची. सुवर्णा बडबडी होती. माझ्याशी मराठी, भांडीवालीशी गुजराती, खिडकीतल्या कावळ्यांशी हिंदी. ऑगस्टमध्ये ती चालू लागली आणि गणपतीत तर धावतही होती.

डिसेंबरात, १३ तारखेला, बन्सीलालची सुट्टी बघून अनुसयाने तिला आणले. दुसऱ्या माणसाने फोटो काढला. डॉक्टर वशी म्हणाले, "अजून काही सांगता येत नाही. जूनमध्ये बघू. जून चुकवू नका."

जून आला. १३ जून १९९४, सोमवार, माझ्या नोंदीत आहे: अनुसयाला आठवण केली.

"हो बाई. बन्सीलाल रजेवर जाऊ दे, लगेच आणते."

बन्सीलाल त्या वर्षी रजेवर गेलाच नाही. त्याची म्हातारी गावाहून इकडे येऊन राहिली होती, त्यामुळे त्याला जायचे कारण उरले नव्हते. जुलैत मी पुन्हा विचारले. ऑगस्टमध्ये पुन्हा.

"ती नुसती पळते बाई, चिंचेच्या झाडावर चढते. तिला काय झालंय?"

हेच वाक्य दुसऱ्या कुणा बाईच्या तोंडी आले असते तर अनुसयाने तिचे दंड धरून तिला डॉक्टरांसमोर उभे केले असते. मी तसे केले नाही. मी वहीत लिहिले: आज पुन्हा सांगितले. लिहिले की काम झाले असे मला वाटायचे. डॉक्टर वशी येता-जाता विचारत, "अनुसयाबेन, छोकरी केम छे?" ती म्हणायची, "दौडे छे, साहेब!" आणि ते हसून पुढे जात. आई रोज नजरेसमोर होती, म्हणून पोर नजरेसमोर नाही हे कुणाच्याच ध्यानात आले नाही.

सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. चोवीस तासांत स्टेशन आणि बसस्टँड माणसांनी भरून वाहू लागले. गल्ली रिकामी झाली. सुकलाल सुवर्णाला घेऊन गावी गेला. अनुसयाने जायला नकार दिला. वॉर्डात वजने लावून ठेवलेली सहा मुले होती आणि चार आयांपैकी तीन निघून गेल्या होत्या.

"त्यांना कोण उचलील?" ती म्हणाली.

तोंडाला पदर बांधून ती दोन आठवडे हॉस्पिटलातच राहिली. त्या सहांतले एकही मूल चुकीच्या पद्धतीने हलवले गेले नाही. नंतर ट्रस्टने तिला शाल दिली. ती तिने घडी न मोडताच मला आणून दिली. म्हणाली, "माझ्या घरात हिला कपाट नाही."

मिल सुरू झाल्यावर सुकलाल परत आला, एकटाच. आजी एकटी आहे, गावात शाळा चांगली आहे, इथे पुन्हा काही आले तर काय, अशी त्याची कारणे. अनुसयाने ती मान्य केली. मला तेव्हा वाटले, ती भ्यायली आहे. आता वाटते, तिला थोडे हायसेही वाटले असावे. पोर गावी होती, म्हणजे फोटोचा प्रश्नच नव्हता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला ती गावी जायची, चार-चार दिवस. १९९६ च्या दिवाळीहून परतली. दोन दिवसांनी म्हणाली, "बाई, सुवर्णा चालताना डावीकडे कलते. सासू म्हणते, वाढीचं वय आहे, डोईवर हंडा घेऊन तशी सवय लागली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला माहीत आहे ते काय आहे. मी शंभर पोरांचं पाहिलंय."

"मग घेऊन का नाही आलीस?"

"शाळा आहे तिची," ती म्हणाली, आणि ते तिलाच खरे वाटले नाही.

शेवटी आखाजी झाल्यावर, मेच्या अखेरीस, तिने सुवर्णाला आणले. सुवर्णा अकरा वर्षांची झाली होती. उंच, सावळी, आईसारखे कपाळ. आता अहिराणीच बोलायची, गुजराती विसरली होती. २ जून १९९७ रोजी त्या दोघी वॉर्डाच्या लांब पॅसेजमधून माझ्याकडे चालत आल्या. अनुसया सरळ चालत होती. पोर प्रत्येक पावलाला डाव्या अंगाला झुकत होती, पुन्हा सावरत होती.

डॉक्टर वशींनी तिला डाव्या पायावर उभे राहायला सांगितले. तिची कंबर उजवीकडे खाली ढळली. निजवून डावा पाय बाहेर न्यायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर अडला. डॉक्टरांनी कागदावर फोटोचे लिहून दिले. अनुसयाने तो कागद घेतला आणि एक्स-रेच्या दारापाशी थांबली. आत बन्सीलाल होता.

या वेळी तिने त्याची रजा पाहिली नाही. मी तिच्यासोबत आत गेले.

बन्सीलालने काही न विचारता पोरीला टेबलावर घेतले, गुडघे सरळ केले, अंगठे आत वळवले. "श्वास धर, बेटा. बस. झालं." फिल्म धुऊन तो बाहेर आला, तिचे टोक धरून.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "माले तवयच माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?" मी विचारले.

"पहिली फिल्म, त्र्याण्णवची. मी लग्नाहून आलो तेव्हा डार्करूममध्येच टांगलेली होती. सुवर्णा सुकलाल, वय सात. मीच पाकिटात घातली."

अनुसया त्याच्याकडे बघतच राहिली. "चार वर्षं? आणि गल्लीत..."

"कोनले सांगं का मी? कुणाला एका शब्दाने बोललो का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही सांगितलं नाही, म्हणजे सांगायचं नसेल असं समजलो. मला वाटलं तुम्ही तिला दुसरीकडे दाखवत असाल. मोठ्या डॉक्टरकडे."

अनुसयाने पदर तोंडात धरला. ती रडली नाही. ज्याच्यापासून लपवायचे म्हणून फोटोविना तीन वर्षे गेली, त्याला पहिल्या पंधरवड्यातच कळले होते आणि त्याने ते पोटात ठेवले होते.

डॉक्टर वशींनी १९९३ ची आणि नवी, दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. मलाही दिसले. डावीकडची काळी फट नाहीशी झाली होती. तिथे पांढरे, घट्ट हाड भरले होते. वाटी उथळ होती, बशीसारखी, आणि गोळा तिच्या कडेवर येऊन थांबला होता.

"चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये हे हाड नुकतं धरत असणार," ते म्हणाले. "लहान असताना हाडाचा तो पूल काढून बघता येतो. यश येतंच असं नाही. पण बघता आलं असतं." मग त्यांनी जुनी फिल्म काढून हातात घेतली. "मी पण विचारायला हवं होतं. मी फक्त हसलो."

"आता, साहेब?"

"आता वाटी खोल करता येणार नाही. वरून छप्पर घालता येईल. कमरेच्या वरच्या हाडाचा तुकडा घेऊन गोळ्यावर आडवा बसवायचा, म्हणजे तो आणखी बाहेर जाणार नाही. दुखणं कमी होईल. लंगडणं थोडं राहील. आणि पुढे, तिशी-पस्तिशीत, सांधा झिजेल. तेव्हाचं तेव्हा."

"मूल?" अनुसयाने विचारले. "मूल होईल ना तिला?"

"मूल व्हायला काही हरकत नाही. ती कधीच नव्हती, अनुसयाबेन."

८ जुलैला ऑपरेशन झाले. छातीपासून डाव्या पायाच्या घोट्यापर्यंत आणि उजव्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर. प्लास्टर घालताना पाय कुणी धरायचा असा प्रश्न आला तेव्हा अनुसयाच पुढे झाली. पंचवीस मिनिटे तिने तो पाय धरला. पायाचा कोन जराही हलला नाही.

सुवर्णाला सगळे कळले होते. वॉर्डात काही लपत नाही. शिवाय तिची आई शेजारच्या खाटेवरच्या बायांना अजूनही सांगत असे, चालायला लागलं म्हणजे बरं झालं नाही, तारीख आली की या. एके दुपारी मी पोरीला डाळिंब सोलून देत होते. अनुसया तिच्या प्लास्टरची कड कापसाने मऊ करत होती.

"माय," सुवर्णा म्हणाली, "तू बठ्ठास्ले सांगस. माले कसाले नही लई उनी?"

तू सगळ्यांना सांगतेस, मला का नाही आणलेस? अनुसयाचा हात थांबला.

"भ्यायले मी," ती म्हणाली.

"कोनले?"

अनुसया पुन्हा प्लास्टरची कड चाचपू लागली. बन्सीलालला? गल्लीला? मेलेल्या बहिणीला? सुवर्णाने तोंड भिंतीकडे केले. प्लास्टरमुळे तिला तेवढेच वळता येत होते. पुढचे कित्येक दिवस तिला काही हवे असले की ती माझ्यातर्फे सांगायची: "बाई, तिला सांगा, पाणी." अनुसया पाणी द्यायची आणि ग्लास विसळायची. सुकलाल संध्याकाळी यायचा, हिरव्या नाहीतर जांभळ्या हातांनी खाटेच्या कडेला बसायचा. बायकोला एकदा म्हणाला, "कसाले जीव जाळस? पोर जित्ती शे ना?" ती म्हणाली, "हां. जित्ती शे." आणि उठून प्लास्टररूममध्ये गेली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापले. छप्पर धरले होते. वर्षभराने डॉक्टरांनी मोजले: डावा पाय पावणेदोन सेंटिमीटर आखूड, दुखणे नाही, पाऊल पडताना कंबर ढळते. चपलेखाली तळ चढवून दिला. सुवर्णा पुन्हा पांडेसऱ्याच्या शाळेत जाऊ लागली, सुरतेतच राहिली. आईशी बोलायची, पण मोजके. गल्लीने पोरीचा पाय पाहिला, आठ दिवस कुजबुज केली आणि मग दुसऱ्या कुणाकडे वळली.

फेब्रुवारी १९९९ मध्ये उषाबाई नावाची एक बाई आली. लूमवर काम करणाऱ्याची बायको, विदर्भातली. तिची पाच वर्षांची मुलगी जिन्यावरून पडलेल्या बाचक्याखाली सापडली होती. तशीच काळी फट, तशीच केसभर रुंद. सहा आठवडे झाले, मुलगी चालू लागली, आणि मी कार्ड लिहायला बसले तेव्हा उषाबाई टेबलावर वाकून म्हणाली, "बाई, नाव लिहू नका ना. पोरीची जात आहे."

अनुसया मागे उभी होती. ती तरातरा बाहेर गेली. सुवर्णा शाळेतून येऊन प्लास्टररूमच्या बाकावर गृहपाठ करत बसलेली होती. तिला हाताला धरून ती घेऊन आली.

"चाल," ती म्हणाली. "तिथपर्यंत जा आणि परत ये."

सुवर्णाने आईकडे पाहिले, मग उषाबाईकडे. तिने चपला काढल्या. वॉर्डाच्या मधल्या वाटेने ती टोकाच्या खाटेपर्यंत गेली आणि परत आली. दोन्ही बाजूंच्या बाया तिचा पाय बघत होत्या. फरशीवर तिचे एक पाऊल जड, एक हलके वाजत होते.

"बघ," अनुसया उषाबाईला म्हणाली. "ही माझी. मी पण नाव लिहू दिलं नव्हतं."

उषाबाईने डोळे पुसले आणि मला मुलीचे नाव सांगितले, पत्त्यासकट. मी लिहून घेतले. ती पुढे दर सहा महिन्यांनी मुलीला घेऊन येत राहिली.

सुवर्णा चपला घालत होती. वाकून, एका हाताने खाट धरून. उभी राहिल्यावर ती आईला म्हणाली, अगदी हळू, पण मला ऐकू आले:

"मन्हा पाय दखाडासाठे नही शे."

माझा पाय दाखवण्यासाठी नाही.

ती बाकावर परत गेली आणि वही उघडून बसली. अनुसया जागची हलली नाही. तिचे हात पुढे आले होते, जणू अजून काहीतरी धरून ठेवायचे होते. आतून डॉक्टरांनी हाक मारली, कुणाचे तरी प्लास्टर होते.

"खरं बोलली, बाई," ती मला म्हणाली. "पोर खरं बोलली."

आणि ती पाणी कोमट करायला आत गेली.